मामाचं नाव

भाचीच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. नुरझातनं आत-बाशी या गावाहून लिहिलं होतं, "मामा, आधीची दोन बाळं गेली. घरचे म्हणतात, म्हातारा होऊन बसलेल्या एखाद्या माणसाचं नाव ठेव, म्हणजे बाळ जगेल. बाळाला तुमचं नाव देऊ का?"

नावात असं काही असतं का, हे मी पुस्तकांत शोधत बसलो होतो.

"तिनं नाव मागितलंय, प्रबंध नाही," चहा ओतता ओतता बायको म्हणाली.

"असिलबेक चांगलंच आहे. तेच ठेव म्हणून कळवतो."

"ते तुम्ही बिश्केकला कॉलेजात आल्यावर घेतलंत. सासूबाई शेवटपर्यंत कोणत्या नावानं हाक मारायच्या, ते कळवा."

माझ्याआधीची आईची चार मुलं गेली होती. मरणानं ढुंकूनही पाहू नये म्हणून तिनं माझं नाव ठेवलं कुचुक, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. आमच्या इमारतीतल्या मुलांची नावं मिलाना आणि लियोन. इथं मी ते नाव कधी कुणाला कळू दिलं नाही. भाचीलाही नाही.

"लोक हसतील गं," मी पुटपुटलो.

"हसू देत. बाळही हसेल."

त्याच दुपारी मी पत्र टाकलं. "नुरझात, असिलबेक नको. त्या नावानं मी तीन पुस्तकं लिहिली, एकही जगलं नाही. कुचुक ठेव, आईनं मला ठेवलेलं नाव. तो एक्क्याऐंशीचा आहे आणि अजून बायकोची बोलणी खातोय."