चोरीचं आंबवण

अदिस अबाबाच्या प्रयोगशाळेतून साथीच्या जंतूंची बाटली चोरीला गेली आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. तिथल्या शास्त्रज्ञ कुमुद वैशंपायनांनाही धास्ती होती, पण ती वेगळी. कपाटातल्या निळ्या दिव्यापासून दूर गेले की मारणं विसरून मुकाट्याने पीठ आंबवायचं, अशी शिकवण त्यांनी त्या जंतूंना दिली होती. बाहेरच्या जगात ती टिकते का, हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

आठवड्याने सुरक्षा अधिकारी अल्माझ झाकलेली टोपली घेऊन हसत आली.

"सापडले गं दहशतवादी, डोंगरातल्या गुहेत. गावंच्या गावं मारायला निघाले होते. जंतू वाढवायला पीठ कालवून पिंपं भरली, तर पिंपं फसफसून उतू गेली. वास थेट खालच्या गावापर्यंत. बायका भांडी घेऊन गुहेच्या दारात हजर, थोडं आंबवण द्या म्हणून. आणि दारात आलेलीला आंबवण नाकारायची आमच्याकडे रीत नाही."

"मग?"

"मग काय, बंदुका भिंतीला टेकवून बिचारे आंबवण वाढत बसले होते. आम्ही बायकांच्या रांगेतूनच आत शिरलो."

टोपलीत इंजेरा होता, आपल्या आंबोळीचा थोरला भाऊ.

"त्याच आंबवणाचा. अख्ख्या गावाने खाल्लाय, कोणाला साधी शिंक नाही."

कुमुदबाईंनी तुकडा मोडून सावकाश चावला. मग दुसरा मोडला.

"अंमळ आंबट झालाय," त्या म्हणाल्या.

"असू दे. बायका विचारताहेत, पुढची चोरी कधी?"