हरभऱ्याचा पैलवान

मटण सोडाच, वासराच्या तोंडचं दूधही गुरुपाद पैलवान घेत नसे. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि हुलग्याचं कढण यांवरच त्यानं अंग कमावलं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच कुस्तीच्या मैदानात त्याच्यासमोर उतरलेला हिंदुराव त्याला बघून खदाखदा हसला. "हरभरं घोड्याला घालत्यात, पावणं!"

गुरुपादचं डोकं फिरलं. त्यानं हिंदुरावला आपटून चितपट केलं, आणि पंचांनी शिट्टी मारल्यावरही हाड कडाडेपर्यंत त्याचा हात पिरगाळला.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. हिंदुराव हात गळ्यात बांधून बसला होता.

"दूध बी पीत न्हाईस म्हणं? का रं?"

"वासरू हंबरलं की सोसत न्हाय मला."

हिंदुरावनं त्याच्याकडं नीट बघितलं.

"मी काल वरडत हुतो, ते ऐकू न्हाय आलं व्हय?"