भागीरथाबाई पुन्हा गाणार

ही २०१८ सालची गोष्ट. नागपूरच्या एका सभागृहात लोकगायिका भागीरथाबाईंचा होलोग्राम, म्हणजे उजेडाने उभी केलेली आकृती, गाणार होता. दिवे मंद झाले आणि पहिल्या रांगेत बसलेल्या हेमराजला बाजूच्या दारातून आई येताना दिसली. त्याच्या मुलीने, धनश्रीने, तिचा हात धरला होता.

“माय, तू काहून आली वं?”

“माहं गाणं, अन् मीच नाई आयकू?” घशाच्या ऑपरेशननंतर भागीरथाबाईंचा आवाज सुपात खडे घोळावेत तसा झाला होता. “उजेडाची भागीरथा तीस वर्षांची दिसते म्हणे. पाहू दे न, माह्यापेक्षा बरी हाये का ते.”

धनश्री हसली. हेमराजने मात्र आजूबाजूला पाहिलं, तो आवाज कुणी ऐकला तर नाही ना. हा आवाज मंचावर जाऊ नये म्हणूनच तर तो गप्प बसला होता. “बाई आता नसतीलच ना?” असं आयोजक प्रेमानंद यांनी विचारलं, तेव्हा त्याने नुसती मान खाली घातली होती. नावाआधी ‘कै.’ छापलेली पत्रिका त्याने घरी येऊच दिली नव्हती.

माइकवर प्रेमानंद म्हणाले, “सुरुवातीला सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं मौन पाळावं.”

सारं सभागृह उभं राहिलं. भागीरथाबाईही गुडघ्यांवर हात देत उठल्या, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि हळूच विचारलं, “कोण गेलं गा?”

हेमराजने हात जोडून डोळे मिटून घेतले.

“बाबा, सांगा न,” धनश्री म्हणाली.

उत्तर माइकवरूनच आलं. “स्वर्गीय भागीरथाबाईंना आपली श्रद्धांजली.”

धनश्री बापाकडे बघतच राहिली. भागीरथाबाई खाली बसल्या नाहीत. जोडलेले हातही त्यांनी सोडले नाहीत. मौन संपेपर्यंत त्या सगळ्यांसारख्याच उभ्या होत्या.

मग मंचावर निळ्या लुगड्यातली तरुण बाई उजळली आणि गौळण गाऊ लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

“गुरूच्या नावानं कानाले हात नाई लावला हिनं,” भागीरथाबाई पुटपुटल्या आणि त्यांनी स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला. हेमराजने मान वर केली नाही.

प्रेमानंदांनी ती उजेडाची बाई पुढे गावोगाव नेली. धनश्री नोकरीसाठी पुण्याला गेली. बापाला फोन करते तो दिवाळीपुरता. भागीरथाबाई चार वर्षांनी गेल्या. हेमराजने ओळखीच्या सगळ्यांना फोन केले, पण घाटावर आली ती घरचीच माणसं.

“भागीरथाबाई?” फोनवर एकजण म्हणाला होता. “त्या तं केव्हाच्याच गेल्या न भाऊ? आम्ही उभे राहिलो होतो न, त्या दिवशी हॉलमध्ये.”