कथलाचा थेंब

"खोलू नोको," उषाबाई म्हणाल्या.

जागेश्वर मिस्त्रीचा पेचकस कार्बोरेटरच्या स्क्रूवरच थांबला. डिंपलने आजीकडे पाहिलं. ही बाई वरठीहून शहापूरपर्यंत ऑटो करून आली, गॅरेजात पाय ठेवला, आणि पहिला शब्द काय, तर खोलू नको.

"आजी, न खोलता जेट कसा बदलणार?"

"नोकोच बदलवू. हाय तेच बरं हाय."

बाकावर गुडघा चोळत बसलेले मधुकरराव हळूच म्हणाले, "मी बी सकाळपासून तेच म्हणून राहिलो. राहू दे, बेटा."

डिंपलने कपाळाला हात लावला. जन्मात कधी नव्हे ते या नवराबायकोचं एकमत झालं, तेही नेमकं आज. रविवारी जुन्या मोटारसायकलींचा ताफा भंडाऱ्याहून गोसीखुर्द धरणापर्यंत जाणार होता आणि तिने आजोबांच्या बुलेटचं नाव देऊन टाकलं होतं. आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी दोन वर्षं बंदच होती. ती टेम्पोत घालून तिने इथे आणली. आता गाडी चालू करायची आणि तिच्यात मोठा जेट टाकायचा. मधुकररावांची बुलेट चाळीसच्या वर जात नाही, हे अख्ख्या वरठीला पाठ होतं.

जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, करंगळीच्या नखावर मावेल. त्याच्या छिद्रातून पेट्रोल इंजिनात जातं. छिद्र बारीक झालं की गाडी पेट्रोल कमी पिते, पण रांगते. एके काळी मायलेजसाठी लोक लांबून जागेश्वरकडे यायचे. तो कथलाचा थेंब सोडून छिद्र बुजवायचा आणि सुईने हवं तेवढंच पुन्हा उघडायचा. तालुक्यात असा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

आता उषाबाईंना बोलल्याशिवाय सुटका नव्हती. जेट बाहेर आला की थेंब दिसणार, आणि थेंब दिसला की सगळं उघडं पडणार. दुसऱ्याच्या तोंडून नवऱ्याला कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

"गाडी काहून धावत नाही, ते मी सांगते," त्या मधुकररावांकडे न बघता म्हणाल्या. "आमचा यादोराव गेला न, त्याच्या तेरवीनंतरची गोष्ट. तुमची गाडी सर्विसिंगले इथं होती. मी जागेश्वरभाऊच्या हातापाया पडली, आणि जेटचं छिद्र बुजवून घेतलं. तुमाले न सांगता."

यादोराव उषाबाईंचा पाठचा भाऊ. हायवेवर मोटारसायकल दामटत होता, घरी आलाच नाही. आणि त्या काळी मधुकररावही काही कमी नव्हते. कारखान्याच्या वार्षिक शर्यतीत सलग दोन वर्षं पहिले. तिसऱ्या वर्षी, छिद्र बुजवल्यानंतर, ते शेवटचे आले. राजदूतवाल्यांच्याही मागे. लोकांनी गाडीला मधुकरची म्हैस नाव ठेवलं. एकदा पवनीच्या रस्त्यावर फुलकोबीचं पोतं लादलेली लुना त्यांच्या पुढे निघून गेली. मधुकरराव प्रत्येक वेळी हसायचे, आणि ते हसणं उषाबाईंच्या काळजाला लागायचं. या माणसाची एकुलती एक हौस आपण मारली, आणि वर तोंड मिटून बसलो. नंतर मधुकररावांनी गाडी जागेश्वरकडे नेलीच नाही. कारखान्यात फिटर होते, सगळं घरीच करायचे. दुसऱ्या कोणाला, पोटच्या पोरालाही, तिला हात लावू दिला नाही. बिंग फुटलं नाही, यातच उषाबाईंनी बत्तीस वर्षं समाधान मानलं होतं.

मधुकरराव खाली बघत गुडघा चोळत राहिले. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, असं उषाबाईंना वाटलं.

"चूक माही बी हाय, भाऊ," जागेश्वर म्हणाला. आता लपवायला काही उरलं नव्हतं. त्याने कार्बोरेटर खोलला, जेट काढला, फुंकर मारली आणि उजेडात धरला. मग चष्मा लावून पुन्हा धरला.

"वयनी, हा तं माह्या हातचा नाही."

"म्हंजे?"

"याच्यात कथील नाही. पुऱ्या छिद्राचा जेट हाय. ही गाडी आरामात नव्वदनं गेली असती."

तिघांनीही बाकाकडे पाहिलं. मधुकररावांनी घसा साफ केला.

"चवथ्याच दिवशी बदलवला मी," ते म्हणाले. "पेट्रोल कमी पडून इंजिन तापत होतं. खोलून पाह्यलं तं थेंब दिसला. जागेश्वरचा हात का मी वयखत नाही? आणि त्याले असं काम सांगणारं घरात दुसरं कोण होतं?"

"मंग भाऊ, ते शर्यत..." जागेश्वर पुटपुटला. मधुकररावांनी राहू दे असा हात केला.

उषाबाईंचे डोळे भरून आले. राग यावा की रडू यावं, हेच त्यांना कळेना.

"गाडी चांगली होती, तं जिंदगीभर चाळीसनं काहून चालवली?"

मधुकररावांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"पहिले तू मागं बसून माहा सदरा मुठीत आवळून धरत होती," ते म्हणाले. "छिद्र बुजवलं, आणि तू माह्या पाठीवर डोकं टेकून झोपाले लागली. झोपलेल्या माणसाले घेऊन कोणी गाडी पळवते का?"