चाकाला दगड

जुनी गाडी ताब्यात घेऊन कांचन आईसोबत बिडकीनला निघाली. निघताना चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती, तरी पैठण रोडवर मागचा टायर बसलाच.

"घेताना टायर बघितले नाय का गं?" मागच्या सीटवरून आईनं विचारलं.

"ते अण्णा बघायचे."

कांचन खाली उतरली. रस्त्यात गाडी अडली की ती आधी वडिलांनाच फोन लावायची. आजही सवयीनं लावला. रिंग वाजली ती गाडीतच, आईच्या पिशवीत. अण्णा गेल्यापासून आई त्यांचा फोन रोज चार्ज करून जवळ ठेवत होती.

कांचनला कट करायचंही सुचेना.

आईनं फोन काढून कानाला लावला.

"बोल बाळा," ती म्हणाली. "घाबरू नको. आधी चाकाला दगड लाव."