उतरलेलं चाक

"चाक काढ," सर जीपमधून उतरता उतरता ओरडले. "बघत काय बसलीस? पुढचं चाक काढून दे तिला."

धाकटी एक पाय रस्त्यावर टेकवून सायकलवरच होती. शेजारी थोरली, तिची सख्खी बहीण, आपलं पंक्चर झालेलं चाक उपटून कडेच्या चारीत फेकत होती. निवड शर्यतीचे शेवटचे नऊ किलोमीटर राहिले होते. पहिल्या तिघी परदेशातल्या शिबिराला जाणार, बाकीच्या घरी. दोघी केव्हाच वळणाआड गेल्या होत्या. उरलेली एक जागा या दोन बहिणींपैकी कुणाला मिळणार, हे सरांच्या लेखी दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. थोरली थांबली म्हणून धाकटी थांबली होती. पायांना तीच सवय.

रिवाजच तसा होता. जिला जिंकवायचं तिचं चाक गेलं, तर मदतनीस मुलीने आपलं काढून द्यायचं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. धाकटी मदतनीस. सकाळपासून थोरलीच्या पुढे राहून सगळा वारा तिने अंगावर घेतला होता, पाण्याच्या बाटल्याही तिनेच आणून पुरवल्या होत्या. गंमत म्हणजे एवढं करूनही ती दमली नव्हती. आणि आज तिला स्वतःला जायचं होतं. मदतनीस मुलींना इथल्या सराव शिबिरात दोन वर्षांवर कुणी पोसत नाही, आणि तिची दोन वर्षं आज संपत होती.

"सर, ते बसणार नाही," ती म्हणाली.

सरांना त्यात फक्त 'नाही' तेवढं ऐकू आलं. मग काय, तोंडाचा पट्टा सुरू झाला. बहिणीच्या जिवावर इथवर आलीस, तिच्यामुळे दोन वेळचं चांगलंचुंगलं खातेस, आणि वेळ आली की उलट बोलतेस. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात, असंही म्हणून झालं.

"मुद्दाम करतेय ती, सर," थोरली शांतपणे म्हणाली. "लहानपणापासून जळते माझ्यावर."

समजावून सांगायची जी काही इच्छा धाकटीच्या मनात होती ती इथे संपली. ती उतरली, खटका सोडून चाक काढलं आणि सरांच्या हातात दिलं.

सर गुडघ्यावर बसले. चाक बसेना. उलटं करून पाहिलं, तळहाताने ठोकून पाहिलं. थोरलीची सायकल नवी कोरी होती, संघटनेने दिलेली, चकतीच्या ब्रेकची. धाकटीची म्हणजे थोरलीचीच जुनी, रिमवर रबर दाबून थांबणारी. एकीच्या चाकाचा दांडा दुसरीला चालत नाही. थोरलीचे फ्रॉक, दप्तर, बूट, सायकल, सगळं उतरून धाकटीकडे आलेलं होतं. उलट्या दिशेने आजवर काहीच गेलं नव्हतं, तेव्हा ते जात नाही हे कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. नवी सायकल सरांनी स्वतः पसंत केली होती.

ते आता चाकाला शिव्या देत होते. थोरलीचं जादा चाक मागच्या गाडीत होतं, आणि ती गाडी बाकीच्या मुलींच्या मोठ्या घोळक्याच्या मागे अडकली होती. घोळका दोन मिनिटांवर होता. शेवटी सरांनी चाक धाकटीच्या पायाशी टाकलं.

"मग सायकलच दे," थोरली म्हणाली. "नाहीतरी माझीच आहे ती."

धाकटीने चाक उचललं आणि आपल्या सायकलला बसवलं. सर म्हणाले, हां, आता कसं, लवकर कर. थोरली हात पुढे करून उभी राहिली. धाकटीने खटका आवळला, चाक एकदा फिरवून पाहिलं, टांग मारली आणि निघाली.

मागे सरांचा आवाज फुटला. थोरलीचा त्याच्याही वर चढला.

"आईला काय तोंड दाखवशील?"

धाकटीने मागे पाहिलं नाही. तिला राग आला होता, आणि आजवर डोळ्यांत उतरायचा तो राग आज पायांत उतरला होता. पहिला चढ ती बसूनच चढली. अंगात एवढं होतं हे तिचं तिलाच माहीत नव्हतं, आणि त्या आनंदात तिला रडूही येत होतं.

चढ संपला तेव्हा मागून जीपचा आवाज आला. आता गाडी आडवी घालतील, दंडाला धरून उतरवतील, म्हणून तिने दात आवळले. जीप बरोबरीला आली. काच खाली गेली.

"मागे बघू नकोस," सर म्हणाले. "तिसरी आहेस तू. घोळका अजून दीड मिनिट मागे आहे. जरा खाली वाक, बाळा, वारा लागतोय."

खिडकीतून पाण्याची बाटली बाहेर आली. हा मऊ आवाज धाकटी दोन वर्षं ऐकत होती, पण तो नेहमी तिच्या मागून येणारीशी बोलायचा. बाटली घेताना तिने जीपमध्ये पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

"ताई?"

"तिचं झालं आता," सर म्हणाले. "तू पुढे बघ."

धाकटीने पुढे बघितलं आणि ती वाकली.