ढिगातली कुंची

अंबुबाईंनी ट्रंकेत हात घातला तो थेट पत्र्याच्या तळाला लागला. वर त्यांची दोन लुगडी तेवढी होती. खाली नुसत्या डांबराच्या गोळ्या घरंगळत होत्या.

"वेणीमाधव, ट्रंक कुणी उपसली?"

मुलगा हायस्कुलात मास्तर होता. ओसरीवर उभा राहून तो खादीची टोपी नीट करत होता. "मी. सकाळी तू पूजेला बसली होतीस तेव्हा. जेवढं विलायती होतं तेवढं मुरलीधराच्या देवळापुढं देऊन आलो. संध्याकाळी त्या कपड्यांची होळी आहे ना. रात्री तूच म्हणालीस की."

म्हणाल्या होत्या खऱ्या. बुवांचं कीर्तन ऐकून डोळे पुसतच त्या घरी आल्या, आणि पाय धुता धुता म्हणाल्या, विलायती चिंधीसुद्धा आता घरात नको. कीर्तनाहून येताना माणूस काय वाटेल ते देऊन टाकायला निघतो.

"त्यात लाल मखमलीची कुंची होती."

"होती. मखमल विलायतीच असते, आई."

"शकूची होती ती."

त्याचा टोपीवरचा हात खाली आला. शकू त्याची धाकटी बहीण. तीन महिन्यांची असताना गेली, त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली.

"मला वाटलं, जुनी आहे, कसरबिसर लागली असेल..."

"माझ्या ट्रंकेत कसर लागत नाही."

अंबुबाईंनी पदर खोचला आणि पायरी उतरल्या.

"अगं, दिलेलं परत मागायला जाणार? लोक काय म्हणतील?"

"मग तू येऊ नकोस."

पण तो मागोमाग निघालाच.

देवळापुढं कपड्यांचा ढीग पुरुषभर उंच झाला होता. कोट, टोप्या, पातळं, एक मोडकी छत्री. गल्लीतली माणसं कडेनं उभी होती. पायरीवर बुवा बसले होते आणि त्यांच्या शेजारी पेटीवाला चनबसप्पा बुवांची बाजाची पेटी पुसत होता.

"या माई," बुवा म्हणाले.

"बुवा, या ढिगात माझ्या गेलेल्या लेकीची कुंची आहे. ती मला परत द्या."

बुवांनी आवाज मऊ केला, निरूपणात करत तसा. "माई, देवाला वाहिलेलं फूल आपण परत घेतो का? काल तुम्ही पुढंच बसला होता. डोळ्यांना धार लागली होती तुमच्या."

"वाहिलं कुणी? मी नाही वाहिलं. माझ्या पाठीमागं उचलून आणलंय."

"मोह आहे हा, माई."

हा शब्द अंबुबाईंनी शेकडो कीर्तनांत ऐकला होता आणि दर वेळी मान डोलावली होती. आज त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या बुवांशी बोलल्याच नाहीत. चनबसप्पाकडं वळल्या.

"चनबसप्पा, या पेटीतले सूर कुठले?"

चनबसप्पा सरळ माणूस. त्याचा चेहरा फुलला. "जर्मन हायत की, अक्का. म्हणून तर लई गोड..." आणि त्याचं फडकं पेटीवर जागच्या जागी थांबलं.

कडेला कुणीतरी फिसकन हसलं.

"तीन वर्षं ऐकतेय मी ही पेटी," अंबुबाई बुवांना म्हणाल्या. "पावसात भिजू नये म्हणून तुम्ही तुमची शाल तिच्यावर घातलेली पाहिलीय. तो मोह नव्हे, आणि माझी कुंची तेवढी मोह."

बुवांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते उठले, उपरणं कमरेला बांधलं आणि स्वतः ढीग उपसू लागले. कुणाला हात लावू दिला नाही. कोट बाजूला पडले, छत्री घरंगळली. बऱ्याच वेळानं तळाशी लाल काहीतरी दिसलं. बुवांनी कुंची झटकली, तिचा चुरगळलेला बंद बोटानं सरळ केला आणि दोन्ही हातांनी अंबुबाईंना दिली.

मग ते वळले, पायरीवरची पेटी उचलली आणि तशीच ढिगाकडं घेऊन निघाले.

"अवो बुवा," चनबसप्पा मागं धावला, "मग मी आज वाजवू काय?"

"खाली ठेवा ती," अंबुबाई म्हणाल्या.

बुवा थांबले. "का? तुम्हीच तर..."

"मी चारचौघांत लाज काढली म्हणून देताय तुम्ही. हे देणं नव्हे. माझ्या मुलानं माझी कुंची नेली, तशी मी तुमची पेटी नेली असं व्हायला नको."

बुवा पेटी छातीशी धरून उभे राहिले. ढिगावर ठेवेनात, पायरीवरही ठेवेनात.

"आणि आज निरूपणाला मोहच घ्या," अंबुबाई म्हणाल्या. "मी पुढंच बसणार आहे. ऐकू दे मला, काय सांगता ते."

त्या निघाल्या. वेणीमाधवानं शरमून हात पुढं केला. "आई, दे, मी घेतो."

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. भर उन्हात रस्त्याच्या मधून त्या तरातरा चालल्या होत्या. पाय रागानं पडत होते. कुंची मात्र हलत नव्हती. तिच्या टोपऱ्याखाली त्यांनी डावा तळवा धरला होता, मान न सावरलेल्या पोराला धरतात तसा.